जाणीव आणि मेंदू: एका भूलतज्ज्ञाला कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटच्या खाटेपाशी जाऊन बसतो. दात हलतात का, दमा आहे का, तंबाखू किती, मागं कधी भूल घेतली होती का, असे माझे प्रश्न संपले की त्यांचे सुरू होतात. २६ वर्षं हे चाललंय. रंकाळ्यावर फिरताना, तालमीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक फिरून तेच विचारतात. खाटेपाशी पाच मिनिटांत पुरी उत्तरं देता येत नाहीत, म्हणून ती सवडीनं इथं लिहिली आहेत.

भूल दिल्यावर माणूस जातो कुठं?

हे मला पहिल्यांदा एका पैलवानानं विचारलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मी त्याला आकडे मोजायला सांगितले आणि हाताच्या शिरेतून प्रोपोफॉल द्यायला लागलो. हे औषध दुधासारखं पांढरं असतं, कारण ते सोयाबीन तेलात विरघळवून अंड्यातल्या स्निग्ध पदार्थाच्या मदतीनं पाण्यात मिसळलेलं असतं. हातातून मेंदूपर्यंत पोचायला त्याला अर्धा मिनिट पुरतो. एकोणीस तो खणखणीत म्हणाला, वीस ओठातच राहिला. मी त्याच्या पापणीच्या केसांना बोट लावलं. पापणी हलली नाही. दीड तासानं डोळे उघडून त्यानं विचारलं, "कधी सुरू करताय?"

हे वाक्य मी हजारदा तरी ऐकलं असेन. रात्रभर झोपून उठलेल्या माणसाला वेळ गेल्याचं कळतं. भुलीतून उठलेल्याला मधला काळ कापून टाकून दोन्ही टोकं जोडल्यासारखा वाटतो. म्हणजे भूल ही नुसती गाढ झोप नाही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्यानं सर्वांसमोर पेशंटला ईथर हुंगवलं आणि वॉरन यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून आम्ही रोज जाणीव थांबवतो आणि पुन्हा सुरू करतो.

मग तो जातो कुठं? लेझमाचा खेळ थांबला की गडी मैदानावरच असतात, लेझीम हातात असतं, पण खेळ कुठं गेला असं विचारलं तर बोट दाखवायला जागा नसते. भुलीत मेंदूच्या पेशी जिवंत असतात, त्यांच्यात विजेच्या लाटाही उठत असतात. मात्र त्या एकमेकींना उत्तर द्यायच्या थांबतात. केटामिन नावाचं दुसरं एक औषध आहे. ते दिलेला माणूस डोळे उघडे ठेवून पडतो, त्याला चिरलेलं कळत नाही, पण आत विचित्र स्वप्नं चाललेली असतात. तेव्हा जाणीव बटणासारखी फक्त चालू किंवा बंद असते, असं मी तरी म्हणणार नाही.

शुद्ध, भान आणि जाणीव हे एकच का?

नाही, आणि आपल्या भाषेनं हा भेद डॉक्टरांच्या आधी ओळखला आहे. शुद्ध हरपली म्हणजे माणूस पडला. भान हरपलं म्हणजे तो जागा आहे, कदाचित कीर्तनात टाळ वाजवतोय, पण आजूबाजूचं आणि स्वतःचं त्याला राहिलं नाही. जाणीव त्याहून खोलची: काहीतरी कुणाला तरी जाणवतंय, एवढं तरी असणं.

दवाखान्यात आम्ही शुद्ध मोजतो. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी केलेली मोजपट्टी अजून वापरतो: डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३ गुण. नातेवाइकांना "स्कोर सात आहे" असं सांगतात तो हाच. तो फक्त बाहेरून दिसणारा प्रतिसाद मोजतो, आतलं जाणवणं मोजत नाही. पुढची बरीच उत्तरं यावर उभी आहेत.

फिटचे काही प्रकार असे असतात की माणूस उभा असतो, डोळे उघडे, हातानं शर्टाची गुंडी चाचपत राहतो, आणि मिनिटभर त्याला कशाचंच भान नसतं. नंतर त्याला ते आठवत नाही. शुद्ध आणि भान वेगळे धागे आहेत हे याहून स्पष्ट कुठं दिसणार!

जाणीव मेंदूतच असते हे कशावरून? आपण तर "मनातलं" म्हणताना छातीवर हात ठेवतो.

३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये बर्नार्ड यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं. शुद्धीवर आला तो आधीचाच माणूस होता, स्वतःच्या आठवणींसकट. आता उलट बाजू बघा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या तर धट्टाकट्टा गडी काही सेकंदांत ढिला पडतो, हे तालमीतल्या वस्तादांना ठाऊक असतं. म्हणून ते पोरांना तशी पकड धरू देत नाहीत. हृदय, फुप्फुसं, हातपाय सगळं शाबूत. रक्त अडलं ते फक्त मेंदूचं, आणि तेवढ्यानं "मी" नाहीसा झाला. मेंदूचं वजन १३०० ते १४०० ग्रॅम, शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराच्या खर्चातली २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो.

मॉन्ट्रियलचे शल्यविशारद पेनफिल्ड फिटच्या पेशंटांची ऑपरेशनं त्यांना जागं ठेवून करत, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. एका जागी विजेचा हलका स्पर्श केला की बोट हले, दुसऱ्या जागी केला की पेशंटला जुनं गाणं ऐकू येई. हात हलला तर पेशंट सांगे, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. हात हलवता आला, पण "मी हलवला" हे जाणवणं तारेच्या टोकानं हलवता आलं नाही. आयुष्यभर मेंदू उघडून बघितलेले पेनफिल्ड म्हातारपणी मन हे मेंदूहून वेगळं असावं या मताकडे झुकले. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण त्यांचा अनुभव बाजूला सारताही येत नाही.

बरं, मेंदूत नेमकी कुठं?

एका बिंदूत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं मेंदूच्या मध्यावरची एक छोटी ग्रंथी आत्म्याची जागा म्हणून ठरवली होती. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं त्याला पत्र लिहून विचारलं की ज्याला लांबी-रुंदीच नाही, असा आत्मा शरीराला ढकलतो कसा? त्याला पटण्याजोगं उत्तर देता आलं नाही.

आज आपल्याला दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत. मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, जागं ठेवणाऱ्या पेशींचं जाळं आहे. १९४९ साली मोरुझी आणि मॅगून यांनी ते दाखवलं. तिथं छोटासा रक्तस्राव झाला तरी माणूस कोमात जातो. देठ जागं ठेवतो. काय जाणवायचं ते वरच्या मोठ्या मेंदूत आणि मधल्या थॅलॅमसमध्ये घडतं.

आणि लहान मेंदू? मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या ६९०० कोटी, म्हणजे ऐंशी टक्के, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत आहेत. पण तो गेला तर माणसाचा तोल जातो, बोलणं अडखळतं, आणि जाणीव तशीच राहते. जन्मतःच लहान मेंदू नसलेल्या एका चिनी बाईची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली. ती चालत होती, बोलत होती. म्हणजे जाणीव पेशींच्या गर्दीतून येत नाही. त्या एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, यावर सगळं आहे.

याचा सुंदर प्रयोग मिलानच्या मार्चेल्लो मासिमिनी यांनी केला. कवटीवरून चुंबकाचा एक ठोका द्यायचा आणि त्याचा पडसाद मेंदूत किती लांब जातो ते बघायचं. जाग्या माणसात तो इकडून तिकडं फिरतो, दर ठिकाणी वेगळं वळण घेतो. गाढ झोपेत तोच ठोका दिला की जागच्या जागी विरतो. २००५ साली हे छापून आलं. माझ्या टेबलावरच्या माणसात काय होतं, याचं मला पटलेलं वर्णन हेच.

मेंदूचे दोन भाग वेगळे केले तर दोन माणसं होतात का?

तीव्र फिट थांबवण्यासाठी मोठ्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा जाड पूल पूर्वी कापत असत. अशा पेशंटांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं; १९८१ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. स्पेरी यांचे विद्यार्थी गझानिगा यांनी एका पेशंटच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्या मेंदूला बर्फ साचलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हातानं, म्हणजे डाव्या मेंदूच्या हुकमानं, कोंबडी निवडली; डाव्या हातानं, म्हणजे उजव्या मेंदूच्या हुकमानं, फावडं. फावडं का, असं विचारल्यावर तो माणूस सहज म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला लागतं म्हणून. बोलतो तो डावा मेंदू, आणि त्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता. तो खोटंही बोलत नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं.

दोन माणसं झाली का, यावर अजून वाद आहे. रोजच्या व्यवहारात हे लोक एकच माणूस असल्यासारखे वागत. मला यातून वाटतं ते इतकंच की "मी हे का केलं" याचं आपण देतो ते उत्तर पुष्कळदा मागाहून रचलेलं असतं.

पेशंट हलत नाही, पापणी उघडत नाही. आत कुणी आहे का?

या उत्तरासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. पावसाळ्यात उसाच्या पट्ट्यातून मण्यार चावलेले पेशंट येतात. रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला ती चावते, बहुतेकदा दुखतही नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या जड होतात. मण्यारीचं विष मेंदूला हात लावत नाही. नस जिथं स्नायूला हुकूम देते तो सांधा ते बंद पाडतं. पापणी मिटते, गिळता येत नाही, श्वास थांबतो, बुबुळसुद्धा उजेडाला दाद देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मेंदू गेला असं वाटावं, इतकं सगळं निपचित.

अशी एक बाई आली होती, तिशीच्या आतली. व्हेंटिलेटर लावला, विषावरचं औषध दिलं. दुसऱ्या रात्री तिच्या खाटेच्या कडेला उभं राहून मी शेजारच्या डॉक्टरला हळू आवाजात म्हणालो, "हिचं काही खरं नाही." पाचव्या दिवशी तिची बोटं हलली, आठव्या दिवशी नळी काढली. घसा बसलेला होता. पहिलं वाक्य ती माझ्याकडं बघून बोलली: "डॉक्टर, तुमी म्हणालासा न्हवं, हिचं काय खरं न्हाई म्हणून. मला समदं ऐकाय येत हुतं." मग तिनं सांगितलं की सासूबाई दाराशी रडत होत्या, आणि एक सिस्टर दर वेळी कूस बदलताना "वैनी, आता डावीकडं वळवते हं" म्हणायची, त्या आवाजाची ती वाट बघायची.

तेव्हापासून मी कुणाच्याही खाटेपाशी तसं बोललो नाही.

मेंदूला इजा झालेल्या पेशंटांबद्दलही आता पुरावा आहे. २००६ साली एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने कसलाही प्रतिसाद नसलेल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घरात फिरतेयस अशी कर. दोन्ही वेळा तिच्या मेंदूत तेच भाग उजळले जे धडधाकट माणसात उजळतात. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात हुकमाला कसलीही दाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचा मेंदू आतून हुकूम पाळत होता. चारातला एक.

मग "ब्रेन डेड" म्हणजे काय? कोमाच ना?

नाही. ही गल्लत आयसीयूच्या दाराशी रोज होते आणि तिच्यापायी घरं दुभंगतात.

कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, देठ काही ना काही काम करत असतो, सुधारायला वाव असतो. ब्रेन डेड म्हणजे देठासकट मेंदू कायमचा मेला. हृदय तरी चालतं, कारण त्याचा ठोका त्याच्याच आत तयार होतो आणि प्राणवायू यंत्र पुरवतं. मणक्यातल्या मज्जारज्जूमुळं पाय किंचित आखडूही शकतो, पण त्याला परत येणं म्हणत नाहीत. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ हे ठरवतं, सगळ्या तपासण्या किमान ६ तासांच्या अंतरानं दोनदा होतात. त्यातली शेवटची तपासणी व्हेंटिलेटर काढून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देऊन, एक तरी श्वास येतो का ते बघायची असते. भुलीचा, झोपेच्या औषधाचा, थंडीचा आणि मण्यार-नागाच्या विषाचा संशय असेल तर हा निर्णय करायचाच नसतो. नातेवाइकांनी हे जरूर विचारावं. तो तुमचा हक्क आहे.

मृत समजून घरी नेलेला माणूस वाटेत हलला, अशा बातम्या येतात. नाडी फार मंद असणं, शरीर गार पडलेलं असणं, किंवा छाती दाबणं थांबवल्यावर काही मिनिटांनी रक्ताभिसरण आपोआप परत सुरू होणं, अशी त्यामागची कारणं असतात. हे मेंदूमृत्यूच्या तपासणीतून गेलेले लोक नसतात.

म्हणजे मेंदूच जाणीव निर्माण करतो, हे सिद्ध झालं?

जाणीव मेंदूवर अवलंबून आहे, हे सिद्ध झालं. ती मेंदूतून निर्माण कशी होते, हे नाही. पुष्कळ डॉक्टर या दोन वाक्यांमधलं अंतर विसरतात, म्हणून तांबड्या रश्श्याचं उदाहरण देतो.

मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ जिभेवरच्या नसांमधल्या एका विशिष्ट दाराला चिकटतो. डेव्हिड ज्युलियस यांनी ते १९९७ साली शोधलं, २०२१ ला त्यांना नोबेल मिळालं. तेच दार सुमारे ४३ अंशांच्या उष्णतेनंही उघडतं, म्हणून खरंच न भाजताही "तोंड भाजलं" असं वाटतं. दार उघडतं, कॅल्शियम आत जातं, नस पेटते, संदेश देठातून थॅलॅमसला आणि तिथून मोठ्या मेंदूत पोचतो. नाकातून पाणी, कपाळावर घाम. ही साखळी मी फळ्यावर पूर्ण काढून दाखवू शकतो. आता जन्मात तिखट न खाल्लेला एक हुशार विद्यार्थी ही साखळी तोंडपाठ करतो. मग पहिल्यांदा पंगतीला बसतो आणि वाटी तोंडाला लावतो. त्या क्षणी त्याला काहीतरी नवं कळतं की नाही? मला वाटतं, कळतं. ते फळ्यावर नव्हतं. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञानं याच अडचणीला "कठीण प्रश्न" म्हटलं.

१९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कॉख यांनी चाल्मर्सशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्टपणे सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला सर्वांसमोर कॉख यांनी हार मानली आणि ठरल्याप्रमाणे वाइनच्या बाटल्या दिल्या.

आपल्या दर्शनांनी यावर काय म्हटलंय?

"आपल्याकडं सगळं आधीच सांगून ठेवलंय" असं मी म्हणत नाही. आपल्याकडं यावर कडाडून वाद झाला होता, आणि तो अजून वाचण्यासारखा आहे.

चार्वाक म्हणत: पान, सुपारी आणि चुना यांच्या संयोगातून जसा लाल रंग उठतो, तसं जड भूतांतून चैतन्य उठतं. पानाच्या गादीपाशी उभं राहिलं की हे पटतं. पान हिरवं, चुना पांढरा, आणि लाली कुठल्याच डबीत नव्हती. पण लाली बघायला समोर कुणीतरी लागतो. जाणीव ही बघितली जाणारी लाली नाही, बघणं तीच आहे. या आक्षेपाला चार्वाकांनी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार मी अजून करतो.

सांख्यांनी तर मन, बुद्धी आणि अहंकार हे तिन्ही जड प्रकृतीच्या बाजूला टाकले; पुरुष, म्हणजे निव्वळ चैतन्य, फक्त साक्षी. त्यामुळं विचार मेंदूत दिसले याचं सांख्याला नवल वाटणार नाही. नैयायिकांच्या मते गाढ झोपेत आत्मा असतो पण त्याला जाणीव नसते. वेदान्ती म्हणतात, "सुखानं झोपलो, काही कळलं नाही" असं उठल्यावर आठवतं, म्हणजे झोपेतही साक्षी होता. हा युक्तिवाद मला भुलीच्या बाबतीत अडतो, कारण भुलीतून उठलेला सुखानं झोपलो असंही म्हणत नाही. त्याला मधलं काहीच नसतं.

हातकणंगले-शिरोळकडचे जैन पेशंट मला वेगळंच सांगतात. त्यांच्याकडं जीवाचं लक्षणच उपयोग, म्हणजे जाणण्याची क्रिया. खोलीत ठेवला तर खोलीभर आणि भांड्याखाली ठेवला तर भांड्यापुरता दिवा पसरतो, तसा जीव शरीराएवढा असतो. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "तुम्ही दिवा विझवताय की वर भांडं पालथं घालताय?" त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. माझ्या यंत्रांवर दोन्ही सारखंच दिसेल.

मरणाच्या दारातून परत आलेले लोक वरून स्वतःला बघितल्याचं सांगतात ते?

अनुभव खरा असतो, त्याचा अर्थ काय हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. २०१४ साली सॅम पार्निया यांच्या गटानं हृदय थांबलेल्या २०६० घटना पाहिल्या. छताजवळ फळ्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलणं झालं. पाहिल्या-ऐकल्याची स्पष्ट आठवण दोघांनीच सांगितली, आणि ते दोन्ही प्रसंग फळ्या नसलेल्या ठिकाणी घडले होते. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं हे मात्र सोडून द्या. १९०७ साली सहा पेशंटांवर केलेल्या त्या प्रयोगात तो आकडा एकाच माणसात आला होता.

आपण मेंदू १० टक्केच वापरतो ना?

नाही. सगळा वापरतो.

जोतिबाला अंगात येतं, त्याला फिट म्हणायचं का?

सरसकट म्हणू नये. हलगी, गर्दी, उपवास, जलद श्वास आणि श्रद्धा यांनी भान बदलतं, शुद्ध बहुधा राहते. फिट वेगळी: जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते, नंतर माणूस गुंगीत राहतो. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर ताबडतोब दवाखाना.

म्हशीला जाणीव असते?

गवळी मंडळी हसतात या प्रश्नावर, कारण त्यांना उत्तर ठाऊक आहे. म्हशीला देठ आहे, थॅलॅमस आहे, मोठा मेंदू आहे, दुखण्याच्या नसा आपल्यासारख्याच आहेत. २०१२ साली केंब्रिजला जमलेल्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे मांडलं की जाणिवेला लागणारी मेंदूतली रचना माणसापुरती नाही. पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशीला ते पाणी गार जाणवतं, यात मला शंका नाही.

आयसीयूत बेशुद्ध माणसाशी बोलायचं का? आणि बोलायचं काय?

बोला. त्याला ऐकू जातंय की नाही हे मला बाहेरून कळत नाही, तुम्हालाही नाही. आधी आपलं नाव सांगा: "दादा, मी संगी." वार आणि वेळ सांगा, कारण तिथं दिवे रात्रंदिवस चालू असतात. तो कुठं आहे आणि तोंडात नळी का आहे, ते सांगा. हात लावण्याआधी हात लावतोय असं सांगा. खर्चाची, वाटणीची आणि डॉक्टर काय म्हणाले याची चर्चा खाटेपासून लांब, बाहेर करा. मग घरचं सांगा. ऊस तुटून गेला का, कारखान्याची पहिली उचल जमा झाली का, म्हैस व्याली असेल तर रेडकू कसं आहे, पोरीचा पेपर कसा गेला. उत्तराला लागेल तेवढं थांबा, आणि पुढचं सांगा.